‘अमिनो अल्कोहोल’ आणि एचआयव्ही : बातमीतलं संयुग आणि हातातली गोळी

दर काही महिन्यांनी एक बातमी मोबाइलवर फिरते. ‘अमिनो अल्कोहोल गटातली नवी संयुगं एचआयव्हीवर प्रभावी’ अशा मथळ्याची. कुठल्यातरी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वीस-पंचवीस नवे रेणू तयार झालेले असतात आणि त्यांतल्या दोन-चारांनी काचेच्या भांड्यात विषाणूला रोखलेलं असतं. मूळ बातमी एवढीच. व्हॉट्सॲपवर पोचेपर्यंत तिची ‘एड्सवर औषध सापडलं’ अशी बातमी होते. मी नाशिकमध्ये रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे निरोप ‘सर, खरं आहे का हो?’ अशा प्रश्नासह माझ्याकडे येतात. विचारणाऱ्यांत विद्यार्थी असतात, तशी घरात कुणीतरी रोज एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांची, गोळी घेणारी माणसंही असतात. त्यांचा पुढचा प्रश्न असतो, ‘मग सरकारी गोळी बंद करून हे कधी घ्यायचं?’

या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. गोळी बंद करायची नाही. बातमीतलं संयुग औषध होईल की नाही हे कळायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतील आणि अशी बहुतेक संयुगं औषध होत नाहीत. पण याची दुसरी बाजू बातमीत कधी येत नाही आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. अमिनो अल्कोहोल हे एचआयव्हीच्या उपचारातलं नवं पाहुणं नाही. 1995 पासून ते या उपचारात आहे. आज सिव्हिलमधून मिळणाऱ्या गोळीच्या घडणीतही त्याचा वाटा आहे. तो कसा, हे समजलं की गोळीवरचा विश्वास वाढतो, असा माझा अनुभव आहे.

अमिनो अल्कोहोल म्हणजे नेमकं काय?

कार्बनच्या सांगाड्यावर दोन खुंट असलेला रेणू. एका खुंटावर नायट्रोजनचा गट, म्हणजे अमिनो. दुसऱ्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, म्हणजे अल्कोहोल. रसायनशास्त्रात अशी जोडी असलेल्या हजारो पदार्थांना अल्कोहोल म्हणतात आणि त्यांचा दारूशी संबंध नसतो. वाइनच्या या गावात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ‘दारूने विषाणू मरतो म्हणे’ असंही मला विचारलं गेलं आहे. दारूने एचआयव्ही मरत नाही. उलट गोळ्या चुकतात आणि यकृतावरचा भार वाढतो.

हे दोन खुंट एकाच रेणूवर असण्याचा फायदा असा, की शरीरातल्या प्रथिनांना तो दोन्ही बाजूंनी पकडू शकतो. म्हणूनच निसर्गाने आणि औषधकंपन्यांनीही ही रचना पुन्हा पुन्हा वापरली आहे. भीती वाटली की रक्तात येणारं ॲड्रेनलिन याच गटातलं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल, रक्तदाबाच्या गोळीतलं ॲटेनोलॉल, हिवतापावरचं ल्युमेफँट्रीन हेही याच गटातले. टीबीच्या सरकारी गोळ्यांमधलं इथॅम्ब्युटॉल तर अमिनो अल्कोहोलचे दोन तुकडे जोडूनच तयार होतं. थोडक्यात, आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात हा गट कधी ना कधी गेलेला आहे.

विषाणू पेशीत शिरल्यावर काय करतो?

एचआयव्ही स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. तो रोगप्रतिकाराच्या पेशीत, मुख्यतः सीडी-4 नावाच्या पेशीत शिरतो. त्याची आनुवंशिक माहिती आरएनए नावाच्या रेणूत असते. तिचं तो डीएनएमध्ये रूपांतर करतो आणि तो डीएनए पेशीच्या डीएनएमध्ये जोडून टाकतो. यापुढे पेशी स्वतःचं काम करता करता विषाणूचे भागही बनवू लागते. उपचार नसेल तर एका माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे 10 अब्ज नवे विषाणू तयार होतात.

हे भाग सुटे बनत नाहीत. अनेक प्रथिनं एकमेकांना चिकटलेल्या एका लांब साखळीच्या रूपात ती तयार होतात. साखळी ठरावीक जागी कापली गेली तरच प्रत्येक प्रथिन आपापल्या जागी बसतं आणि विषाणू पुरा होतो. हे कापण्याचं काम विषाणूचं स्वतःचं एक विकर करतं. त्याचं नाव प्रोटीएज. विकर म्हणजे एखादी रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारं प्रथिन. 1988 मध्ये संशोधकांनी हे प्रोटीएज निकामी करून पाहिलं. विषाणू तयार झाले, पेशीबाहेरही पडले, पण दुसऱ्या पेशीला त्यांची लागण होईना.

कात्री अडते कशी?

इथे निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग डोळ्यांसमोर आणा. विरळणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बायका घडातले जादा मणी कात्रीने काढत असतात. प्रोटीएज ही अशीच एक कात्री आणि साखळीतले जोड म्हणजे देठ. देठ अर्धा कापला गेलेला असतो त्या क्षणी पाती त्याला सगळ्यांत घट्ट धरून असतात. आता समजा, देठाच्या जागी कुणी तारेचा तुकडा ठेवला. आकार थेट अर्ध्या कापलेल्या देठाचा, पण आत पोलाद. पाती त्याला नेहमीसारखीच घट्ट धरतील, पण ती पुढे कापणार नाहीत आणि पटकन सुटणारही नाहीत. कात्री अडली.

हेच रसायनात असं घडतं. साखळीच्या जोडात एक कार्बन आणि एक नायट्रोजन एकमेकांना बांधलेले असतात. प्रोटीएजच्या मध्यभागी ॲस्पार्टिक आम्लाचे दोन अवशेष, म्हणजे प्रथिनाच्या साखळीत गुंफलेले दोन घटक, समोरासमोर असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा एक रेणू धरलेला असतो. हे पाणी त्या कार्बनवर हल्ला करतं. क्षणभर कार्बन एका वेगळ्याच, चारही बाजूंनी भरलेल्या अवस्थेत जातो आणि मग जोड तुटतो. ही मधली अवस्था डोळ्याचं पातं लवायच्याही कितीतरी आधी संपते, पण विकराची पकड सगळ्यांत घट्ट असते ती तिच्यावरच.

अमिनो अल्कोहोल या मधल्या अवस्थेची नक्कल करतं. त्याचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा खुंट दोन ॲस्पार्टिक अवशेषांच्या बरोबर मध्ये, पाण्याच्या जागी जाऊन बसतो. नायट्रोजनचा खुंट साखळीतल्या नायट्रोजनची जागा घेतो. फरक एवढाच, की या दोघांच्या मध्ये तुटण्याजोगा जोडच ठेवलेला नसतो. विकर आपल्या नेहमीच्या सवयीने झडप घालतं आणि तिथेच अडकतं. ही कल्पना मी दर वर्षी वर्गात शिकवतो आणि दर वर्षी मला ती तितकीच सुंदर वाटते. शत्रूची सगळ्यांत मजबूत पकडच त्याच्याविरुद्ध वापरलेली आहे.

आणखी एक अट आहे. ज्या कार्बनवर तो ऑक्सिजनचा खुंट आहे, त्यावरून रेणूची दोन रूपं होतात. त्या कार्बनपाशी एक दुसऱ्याच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखं. सूत्र तेच, वजन तेच, पण खुंट उलट्या दिशेला. प्रोटीएजच्या पोकळीत एकच रूप नीट बसतं. त्यामुळे अशा शोधनिबंधांचा मोठा भाग ‘हवं तेच रूप शुद्ध कसं मिळवलं’ यावर खर्च होतो. बातमीत यातला एक शब्दही येत नाही, पण औषध परवडेल की नाही हे पुष्कळदा इथेच ठरतं.

ही युक्ती एवढ्या लवकर कशी सुचली?

कारण तिची तयारी दुसऱ्याच आजारासाठी झालेली होती. जठरातलं पेप्सिन आणि रक्तदाब वाढवण्यात भाग घेणारं रेनिन ही विकरंही दोन ॲस्पार्टिक अवशेषांच्या मदतीनेच कापतात. 1970 च्या सुमारास जपानी संशोधकांना मातीतल्या जिवाणूंपासून पेप्स्टॅटिन नावाचा पदार्थ मिळाला. तो पेप्सिनला अडवत होता आणि त्याच्याही मर्मस्थानी ऑक्सिजन-हायड्रोजनचा तोच खुंट होता. 1980 च्या दशकात रक्तदाबाचं औषध म्हणून रेनिन अडवणाऱ्या रेणूंवर कंपन्यांनी बरंच काम केलं. ती औषधं त्या काळात काही बाजारात आली नाहीत. मग 1989 मध्ये एचआयव्हीच्या प्रोटीएजची त्रिमितीय रचना उलगडली आणि हे आपल्या ओळखीतल्याच कुळातलं विकर आहे, हे पक्कं झालं. प्रत्येकी 99 अमिनो आम्लांचे दोन सारखे भाग, आणि त्यांच्या मधोमध कापण्याची जागा.

त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. डिसेंबर 1995 मध्ये अमेरिकेत साकिनावीरला मान्यता मिळाली. प्रोटीएज अडवणारं ते पहिलं औषध, आणि त्याच्या मध्यभागी अमिनो अल्कोहोल होतं. 1996 च्या मार्चमध्ये रिटोनावीर आणि इंडिनावीर आली. तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत रुळली आणि 1996 ते 1997 या एका वर्षात अमेरिकेतले एड्सचे मृत्यू चाळीस टक्क्यांहून जास्त घटले. भारतात मोफत एआरटी सुरू व्हायला 1 एप्रिल 2004 उजाडलं. मधल्या आठ वर्षांत इथे किती घरं रिकामी झाली, याचा विचार आला की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. ज्ञान होतं, गोळी होती, पण किंमत आवाक्याबाहेर होती. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषधकंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्र उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला. त्याआधी हाच खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. गरीब देशांतला उपचार शक्य होण्यामागे या घोषणेचा मोठा वाटा आहे.

विषाणू स्वतःला बदलतो, मग ही युक्ती किती दिवस टिकणार?

शंका रास्त आहे. एचआयव्ही आपल्या माहितीची नक्कल करताना सतत चुका करतो. त्यांतल्या एखाद्या चुकीने कात्रीच्या पात्याचा आकार जरासा बदलतो आणि तार तिच्यात नीट बसेनाशी होते. पहिल्या पिढीतल्या औषधांचं असंच झालं.

यावरचा उपाय अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले भारतीय वंशाचे रसायनशास्त्रज्ञ अरुण घोष यांच्या कामातून आला. विषाणू प्रथिनाच्या बाजूच्या फांद्या सहज बदलू शकतो, पण मूळ कणा बदलला तर विकरच मोडतं. म्हणून औषधाने फांद्यांवर अवलंबून न राहता कण्यालाच घट्ट धरावं, असा त्यांचा विचार होता. त्यातून तयार झालेल्या दारुनावीरला 2006 मध्ये मान्यता मिळाली. बाकी औषधांना न जुमानणाऱ्या विषाणूवरही ते पुष्कळदा चालतं. मध्यभागी अर्थातच अमिनो अल्कोहोल आहे.

विषाणूला बदलायची संधी मिळते ती मुख्यतः गोळ्या अधूनमधून चुकतात तेव्हा. औषधाची पातळी खाली येते, विषाणू वाढायला लागतो, आणि थोडंसंच औषध रक्तात असल्याने ते सहन करणारे विषाणू मागे उरतात. द्राक्षाच्या हंगामात दोन-तीन महिने गाव सोडणारा मजूर असो, मुंबई-आग्रा रोडवर दहा दिवस गाडी चालवणारा ड्रायव्हर असो, निघण्याआधी एआरटी केंद्रात सांगावं. जास्त दिवसांच्या गोळ्या देण्याची किंवा दुसऱ्या केंद्रातून घेण्याची सोय करता येते.

सरकारी गोळीत अमिनो अल्कोहोल कुठे आहे?

सध्या बहुतेक प्रौढांना दिवसाला एक गोळी मिळते. टीएलडी तिचं नाव. टेनोफोवीर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडीन 300 आणि डोल्युटेग्रावीर 50. यातलं एकही औषध प्रोटीएज अडवत नाही. पहिली दोन आरएनएपासून डीएनए बनू देत नाहीत, तिसरं तो डीएनए पेशीच्या डीएनएला जोडू देत नाही. मग अमिनो अल्कोहोल कुठे?

डोल्युटेग्रावीरच्या कच्च्या मालात. हा रेणू बनवताना चार कार्बनचं एक छोटं अमिनो अल्कोहोल वापरतात आणि तेही आरशातल्या दोन रूपांपैकी एकच. त्याचे दोन्ही खुंट रेणूत एका कड्यात बांधले जातात. त्यामुळे तयार औषधात ते मोकळं दिसत नाही, पण कड्याचा आकार त्यानेच ठरवलेला असतो. याच औषधाचं भावंड म्हणजे कॅबोटेग्रावीर. ते बनवताना तीन कार्बनचं अमिनो अल्कोहोल घेतात. कॅबोटेग्रावीरचं इंजेक्शन दोन महिन्यांतून एकदा देता येतं आणि 2021 मध्ये अमेरिकेत त्याला उपचारासाठी आणि प्रतिबंधासाठीही मान्यता मिळाली. प्रोटीएज अडवणारी औषधं आपल्याकडे आहेतच. पहिल्या गोळ्यांना विषाणू दाद देईनासा झाला की एआरटी केंद्रातून पुढच्या पायरीची म्हणून ती दिली जातात.

काचेच्या भांड्यात विषाणू थांबला, मग माणसात का थांबणार नाही?

भांड्यात विषाणू कशानेही थांबतो. ब्लीचिंग पावडरनेही थांबेल. प्रश्न असतो तो पेशी जिवंत ठेवून त्याला थांबवता येतं का, याचा. म्हणून संशोधक दोन आकडे काढतात. विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला किती मात्रा लागते आणि निम्म्या पेशी मारायला किती. दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. उत्तर पाच-दहा आलं तर औषध आणि विष यांच्यात फारसं अंतर नाही. हजारोंमध्ये आलं तर पुढे बघण्यासारखं काही आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर हा आकडा शोधा. तसंच मात्रा मायक्रोमोलरमध्ये दिली आहे की त्याच्या हजाराव्या भागात, म्हणजे नॅनोमोलरमध्ये, तेही बघा. दारुनावीर काही नॅनोमोलरमध्ये काम करतं. नव्या संयुगाला काही मायक्रोमोलर लागत असेल तर ते सुमारे हजारपट कमजोर आहे. असा निबंध निरुपयोगी असतो असं मी म्हणत नाही. पुढच्या संशोधकाला त्यातून दिशा मिळते. पण तो रुग्णासाठी लिहिलेला नसतो.

त्यानंतरही रेणू आतड्यातून रक्तात जायला हवा, यकृताने तो लगेच मोडून टाकता कामा नये, मग प्राणी, मग थोडी निरोगी माणसं, मग शेकडो आणि हजारो रुग्ण. प्रोटीएजच्या औषधांना यकृताचा अडथळा एवढा मोठा होता, की आज रिटोनावीर बहुधा छोट्या मात्रेत, फक्त यकृताचं ते काम मंद करून जोडीच्या औषधाला टिकवण्यासाठी दिलं जातं.

कोविडच्या काळातलं उदाहरण ताजं आहे. लोपिनावीर-रिटोनावीर ही एचआयव्हीची जोडगोळी प्रयोगशाळेत कोरोना विषाणूवर चालताना दिसली होती. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीत दवाखान्यातल्या रुग्णांना ती दिली गेली आणि मृत्यू कमी झाले नाहीत. तपासलेलं, माणसांत वर्षानुवर्षं वापरलेलं औषधसुद्धा असं फसतं. मग कालपरवा तयार झालेल्या संयुगाबद्दल कुणी छातीठोकपणे बोलत असेल तर सावध राहिलेलं बरं.

एवढी औषधं आहेत, मग आजार समूळ का जात नाही?

कारण काही पेशींमध्ये विषाणूचा डीएनए नुसता पडून राहतो. त्या पेशी नवे विषाणू बनवत नाहीत, त्यामुळे प्रोटीएजला कामच नसतं आणि त्याला अडवणाऱ्या औषधालाही काही सापडत नाही. गोळ्या बंद केल्या की काही आठवड्यांत यातल्याच काही पेशी जाग्या होतात. अमिनो अल्कोहोल कितीही प्रभावी निघालं तरी ते या साठ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ‘समूळ बरा करणारं संयुग’ हा शब्दप्रयोग या गटाच्या बाबतीत चुकीचाच आहे.

पण समूळ जात नाही म्हणजे काही उपयोग नाही, असं अजिबात नाही. रोजच्या गोळीने रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी होतो. अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे युरोपातल्या पार्टनर अभ्यासांत हजारभराहून जास्त जोडप्यांवर दिसून आलं. त्यांच्यात जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही. लग्न, मुलं, नोकरी हे सगळं शक्य आहे. हे वाक्य मी वर्गात सावकाश आणि दोनदा म्हणतो, कारण ते ज्याला हवं असतं तो कधी हात वर करून विचारत नाही.

‘गावाकडच्या औषधाने बरा झाला’ त्याचं काय?

भारतात औषध नियमांची अनुसूची ‘जे’ अशी एक यादी आहे. जे आजार बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही, अशा आजारांची ती यादी आहे. तिच्यात एड्स आहे. कुणी चाळीस दिवसांत निगेटिव्ह करून देतो म्हणत असेल तर तो दावाच बेकायदा आहे. अशा माणसाच्या नादी लागून गोळी सुटली की काय होतं, ते वर आलंच आहे.

टीबीची औषधं आणि लोहाच्या गोळ्या

हे शेवटी लिहितोय, पण रुग्णाच्या घरासाठी सगळ्यांत उपयोगाचं हेच आहे. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे यकृत बाकीची औषधं जास्त वेगाने मोडून टाकतं. त्यामुळे दोन्ही आजार असतील तर डोल्युटेग्रावीर सकाळ-संध्याकाळ असं दोनदा द्यावं लागतं. म्हणून टीबीच्या डॉक्टरांना एचआयव्हीची गोळी आणि एआरटीच्या डॉक्टरांना टीबीची गोळी सांगायलाच हवी. लाजेपोटी लपवलं तर दोन्ही उपचार बिघडू शकतात.

दुसरं म्हणजे विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएला जोडणारं जे विकर असतं, त्याच्या आतल्या मॅग्नेशियमला धरून डोल्युटेग्रावीर काम करतं. धातूला धरायची ही सवय त्याला पोटातही असते. लोह, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम असलेलं ॲसिडिटीचं औषध त्याच वेळी रिकाम्या पोटी घेतलं तर ते त्यांनाच चिकटतं आणि रक्तात कमी जातं. गरोदर बाईला आशाताईंकडून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या बंद करायच्या नाहीत. एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची, किंवा लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी एआरटीच्या गोळीबरोबर, एकाच वेळी जेवणासोबत घेतली तरी चालतं. ॲसिडिटीच्या अशा औषधाला मात्र ही जेवणाची सवलत नाही, तिथे अंतरच ठेवायचं. केंद्रातल्या समुपदेशक ताईंना कार्डावर दोन्ही वेळा लिहून द्यायला सांगावं. रात्री-अपरात्री शंका आली तर 1097 या मोफत हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही.